पाचव्या चेहऱ्याचा कान

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि तो बसू नये याची तजवीज मिस्त्रींनी जन्मभर स्वतःच करून ठेवली आहे. आपण केलेल्या गिलाव्याला एकदा अशी झळाळी आली की एक मांजर तीन दिवस त्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसलं आणि शेवटी हरून निघून गेलं, असं जो माणूस चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगतो, त्याच्या तोंडून पुढेमागे एखादी खरी गोष्ट निसटली तरी लोक ती थापांच्याच टोपलीत टाकणार. तेव्हा ऐकणाऱ्यानं विश्वास ठेवायची घाई करू नये. रविवार होता, धुकं होतं आणि शहरातल्या जुन्या इमारती दाखवणारी फेरी फुकट होती, या तीन गोष्टी तेवढ्या कोणीही तपासून घ्याव्यात.

धुकं नदीकडून आलं होतं. आलं म्हणजे अगदी पाहुण्यासारखं आलं. आधी पुलावर घुटमळलं, मग गल्ल्यांमध्ये डोकावलं, आणि कोणी हटकत नाही असं बघून सगळ्या शहरात पाय पसरून बसलं. घरांचे वरचे मजले गायब झाले होते. दिव्याचे खांब कमरेपर्यंतच उरले होते. सकाळी साडेसातला मिस्त्री आणि त्यांच्या बाई जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा समोरचं औषधांचं दुकान जागेवर नव्हतंच, नुसती त्याची हिरवी पाटी हवेत तरंगत होती.

“जन्मभर ज्या भिंतींना गिलावा केलात, त्याच बघायला निघालात,” बाई म्हणाल्या. “तेही दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला.”

“फुकट आहे.”

“फुकट तर तुम्ही घरीही सांगता की.”

मिस्त्रींनी चालायला सुरुवात केली. आज फेरी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलंच होतं. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड निश्चय होता. यापूर्वी त्यांनी विड्या सोडल्या होत्या, पण त्या सोडतानाही ते बोलत होते.

बाईंची ओळख इथेच करून दिलेली बरी. बाईंनी एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. छापायला जाण्याआधी कागदावरची चूक धरायची, हे त्यांचं काम. पाठ्यपुस्तकं, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, कोर्टाच्या नोटिसा, सगळं त्यांच्या पेन्सिलीखालून गेलं. निवृत्त झाल्यावर पेन्सिल गेली, पण नजर तिथेच राहिली. मिस्त्रींनी मांजराची गोष्ट काढली की त्या स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणायच्या, “मागच्या वेळी दोनच दिवस भांडलं होतं.” नवऱ्याला खोटारडा म्हणून त्यांनी कधी चारचौघांत उघडं पाडलं नाही. फक्त पाठभेद दाखवले.

अशा या बाईंना लांबचं मात्र चष्म्यानंही दिसत नसे. हातातल्या कागदावरचं मुंगीएवढं टिंब दिसायचं, पण दहा पावलांपलीकडचं जग म्हणजे नुसता ओला कागद. सव्वा महिन्यापूर्वी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, नवी भिंगं बसली, आणि बाईंना एकाएकी सगळं शहर दिसायला लागलं. समोरच्या गच्चीवर कुंड्या आहेत. दूधवाल्याच्या उजव्या भुवईवर व्रण आहे. “हे सगळं इतकी वर्षं होतं?” त्या विचारायच्या, जणू कोणी मुद्दाम लपवून ठेवलं होतं.

आणि मिस्त्रींना एकीकडे हर्ष व्हायचा, दुसरीकडे धास्ती वाटायची.

कारण तारघर. शहराच्या मध्यावर जुनं तारघर आहे. तारा बंद झाल्या, कचेरी हलली, आता फाटकाला कुलूप असतं. त्याच्या आतल्या चौकात तिसऱ्या मजल्याच्या कठड्याखाली ओळीनं सात चेहरे आहेत, गिलाव्यातून काढलेले, माणसाच्या डोक्याच्या दुप्पट आकाराचे. अडतीस वर्षांपूर्वी त्यांतला पाचवा चेहरा मिस्त्रींच्या हातात निखळून आला. ओलीनं आतून पोखरलेला होता, ठोकून बघायला गेले आणि नाकासकट खाली. मुकादम म्हणाला, चौथ्यावरून साचा काढ आणि तसाच पाचवा बसव. मिस्त्रींनी हो म्हटलं. लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. दिवसभर परांचीवर, म्हणजे त्या बांबूंच्या मचाणावर, बायकोपासून लांब. ओला गिलावा हातात आला आणि हात साच्याचं ऐकेना. संध्याकाळपर्यंत भिंतीतून बाई बघत होत्या, डावी भुवई किंचित वर, जशी त्या हिशेबात नसलेला शब्द सापडल्यावर करतात तशी.

मुकादमाला ते वर्षभर कळलं नाही, कारण तो मान वर करत नसे. मिस्त्रींनी बाईंना तेव्हाच सांगितलं होतं. त्या सुट्टीच्या दिवशी गेल्या, चौकात उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “सात बटाटे दिसतात.” त्यानंतर मिस्त्री हे दरवर्षी सांगत आले, आणि बाई दरवर्षी “हो, बटाटा” म्हणत आल्या. मांजर, हवेत उभी राहिलेली शिडी, रात्रीतून स्वतः चार बोटं सरकलेली भिंत, या सगळ्यांच्या रांगेत तो चेहराही जाऊन बसला होता.

आणि आता तारघराच्या फाटकावर नोटीस लागली होती. सोमवारपासून दुरुस्ती. पाचवा चेहरा मूळ आराखड्याशी जुळत नसल्याने सातही चेहरे एकाच साच्यातून नव्याने बसवण्यात येतील. म्हणजे आजचा रविवार. आज बाईंनी त्यांच्या नव्या डोळ्यांनी तो बघितला तर बघितला, नाहीतर उद्या छिन्नी लागणार आणि मिस्त्रींच्या जन्मातली एकुलती एक खरी गोष्ट थापच राहणार. चौकात फक्त या फेरीतल्या लोकांनाच सोडत. म्हणून ही फेरी.

आता ती धास्ती कसली.

त्या चेहऱ्याचा कान तेवढा दुसऱ्या दिवसावर राहिला होता, आणि त्यात काहीतरी घालायचं होतं. बाकी सहा चेहऱ्यांच्या कानांत पानं होती, झिजलेली. मिस्त्रींना आठवलं, बाईंकडे पानाच्याच आकाराची कानातली आहेत. त्यांच्या आईची, सोन्याची, लहानशी. एका पानाचं टोक दुमडलेलं, कारण बाईंनी नऊ वर्षांच्या असताना ते चावून बघितलं होतं. मिस्त्रींनी सकाळी फळीवरून नेमकं तेच उचललं. ओल्या कानावर दाबायचं, ठसा उमटला की काढायचं, संध्याकाळी परत फळीवर. कामाची रीतच आहे ती. पानाचा ठसा हवा तर पान दाबायचं, शिंपल्याचा हवा तर शिंपला. दाबलं, आणि खालून मुकादमानं चुन्याची गाडी उतरवायला हाक मारली. दोन तास गेले. वर येऊन बघतात तर गिलावा दगड झालेला आणि कानातल्याची मागची तार आत घट्ट बसलेली. काढायचं तर कान फोडायला हवा. आणि तो कान, खोटं कशाला बोला, मिस्त्रींनी आयुष्यात केलेल्या कानांमध्ये सगळ्यात देखणा होता. त्यांनी बराच वेळ कानाकडे बघितलं, मग चुन्याचा कुंचला घेतला आणि सोन्यावरून फिरवला.

घरी गेल्यावर ते म्हणाले, “घार आली आणि खिडकीतून घेऊन गेली.”

ही त्यांची पहिली थाप. ती चालली, म्हणून दुसरी सुचली. पुढचं सगळं त्या घारीच्या पोटचं.

बाईंनी उरलेलं एक कानातलं बटणांच्या डबीत ठेवलं, आणि अडतीस वर्षं घारींशी उभा दावा मांडला. घार दिसली की खिडकी लावायच्या. आता, बाईंना घार दिसणार कशी? आवाजावरून. वर कुठेतरी ती लांब शीळ ऐकू आली की बाई हातातलं काम टाकून आभाळाच्या दिशेनं चार शब्द सुनवायच्या, आणि मिस्त्री तेवढ्यात चप्पल शोधायला लागायचे.

मिस्त्री गेल्या रविवारी एकटे येऊन, सगळ्यांच्या मागे मागे राहून ही फेरी करून गेले होते. घरी सांगितलं होतं, केस कापायला जातो. आल्यावर बाईंनी त्यांचे केस बघितले आणि काही विचारलं नाही. त्या फेरीत मिस्त्रींच्या लक्षात आलं की पावसानं चुना कधीच धुऊन नेलाय. दहाला दहा कमी असताना ऊन पलीकडच्या छपरावरून चौकात उतरतं, पाचव्या चेहऱ्याच्या कानाला लागतं, आणि कान चमकतो. तेव्हा बेत असा होता: साडेनवाला चौकात पोचायचं, बाईंना चेहरा दाखवायचा, आणि ऊन यायच्या आत त्यांना तिथून बाहेर काढायचं. उद्या काम सुरू झालं की तिथल्या नव्या मुकादमाला गाठून कान तेवढा मागून घ्यायचा. मग घरी येऊन सांगायचं, घारीनं परत आणून टाकलं. एवढी तयारी होती.

फेरी पुलाजवळच्या चौथऱ्यापाशी सुरू झाली. पुढे पिवळी छत्री उंच धरलेली मुलगी. जुन्या इमारतींचा अभ्यास करते म्हणाली, आवाज गोड, बूट चिखलाचे. धुक्यात मुलगी दिसेना, छत्रीच दिसे, त्यामुळे सगळे तिला छत्रीवालीच म्हणायला लागले. मागे एक निवृत्त मास्तर वही उघडून, एक नवं जोडपं एकाच मफलरमध्ये, आणि आणखी सात-आठ जण, ज्यांचे धुक्यात फक्त खोकले ऐकू येत होते.

पहिली इमारत बँकेची. छत्रीवाली म्हणाली, “हे आठही खांब अखंड दगडाचे आहेत.”

मिस्त्रींचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी बोटाच्या पेरानं खांब ठोकला. आतून डबा वाजल्यासारखा आवाज आला. विटा, वर गिलावा, वर दगडाचा रंग. शिरा त्यांनीच कोंबडीच्या पिसानं ओढल्या होत्या.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही.” मिस्त्रींनी ओठ घट्ट मिटले. त्यांचे कान लाल झाले.

“बरं वाटत नाहीये का? इतका वेळ गप्प?”

धुक्यातून चालताना इमारती एकेक करून समोर येत होत्या, झोपेतून उठवल्यासारख्या, अंगावरचं पांघरूण सावरत. छत्रीवाली ज्या इमारतीची स्तुती करी ती जरा पुढे झुकल्यासारखी वाटे. कोर्टाच्या इमारतीचं साल तिनं वीस वर्षांनी चुकीचं सांगितलं, तेव्हा इमारतीचं मोठं दार आपसूक करकरलं. वारा नव्हता. मास्तरांनी वहीत लिहिलं, दार नादुरुस्त. मिस्त्री मात्र प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत चालले होते, जसा कोणी गोठ्यातल्या जनावरांच्या पाठीवरून फिरवत जातो. या कोपऱ्यात आपण सात दिवस उन्हात उभे होतो. या कमानीखाली वाळूत समुद्राचे शंख निघाले होते. ही भिंत हातभर ओली असताना कोणीतरी पोरगी धावत येऊन आदळली होती. तिच्या तळव्याचा ठसा त्यांनी पुसला नव्हता, तो अजून तिथे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाच इवल्या बोटांचा.

“हे काय आहे?” बाईंनी वाकून विचारलं. आता त्यांना सगळंच दिसत होतं.

“असेल काहीतरी,” मिस्त्री म्हणाले, आणि गोष्ट तोंडातून निसटायच्या आत पुढच्या भिंतीकडे वळले.

दुसरा मुक्काम वाचनालय. वर्तमानपत्रांची लाकडी तिरकी मेजं, जुन्या पुठ्ठ्याचा वास, उंच खिडक्यांतून आत झिरपणारं धुकं. बाई सूचनाफलकापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मनातल्या मनात चार चुका दुरुस्त केल्या. मिस्त्री भिंतीकडच्या बाकावर टेकले. रात्रभर झोप नव्हती. छत्रीवालीचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

आणि मग सगळं शहर ओलं झालं. पावसानं नव्हे, गिलाव्यानं. नुकत्याच थापलेल्या गिलाव्यासारखी प्रत्येक भिंत मऊ, थंड, राखाडी. मिस्त्रींनी बँकेच्या खांबात अंगठा दाबला तर तो सायीत गेल्यासारखा आत गेला. पूल मधोमध किंचित वाकला होता आणि नदी त्याला खालून हात देत होती. लोक पाय उचलून हळू चालत होते, ठसे उमटू नयेत म्हणून. तारघराच्या कठड्याखालून सातही चेहरे माना बाहेर काढून गप्पा मारत होते, बायका खिडकीतून बोलतात तशा. पाचवी तेवढी बोलत नव्हती. तिनं एका कानावर हात ठेवला होता.

“माझं दुसरं कुठं आहे हो?” तिनं विचारलं.

“घार,” मिस्त्री म्हणाले.

“घारीला कान असतात का?”

मिस्त्री घारीचे कान शोधायला लागले. ते शोधत राहिले. शोधता शोधता त्यांच्या बरगडीत काहीतरी टोचलं, आणि ते बाईंचं कोपर निघालं.

“उठा. सगळे तुमच्यासाठी थांबलेत. बारा मिनिटं झाली.”

“काका दमले असतील,” छत्रीवाली म्हणाली. “सावकाश निघू.”

मिस्त्रींनी घड्याळाकडे बघितलं आणि ते असे उठले की मफलरवालं जोडपं दचकून दोन बाजूंना झालं. “सावकाश नको,” ते म्हणाले. “तारघर. चला.”

तारघराच्या फाटकाचं कुलूप निघालं तेव्हा दहाला वीस कमी होते. चौकात धुकं दुधासारखं साठलं होतं, पण ते आता तळाला बसायला लागलं होतं, आणि वर तिसऱ्या मजल्याच्या कठड्याखाली सात चेहरे त्याच्यावर तरंगत होते. खाली फरशीवर गवत. एका बंद खिडकीवर ‘तार येथे स्वीकारली जाईल’ अशी फिकट अक्षरं. कोणी काही बोलेना. जागाच तशी होती. आपण बोललो तर शब्द मोजले जातील आणि दूर कुठेतरी टकटक उमटतील, असं वाटायला लावणारी.

छत्रीवालीनं छत्री मिटली आणि गळ्यातली दुर्बीण काढून हातोहात दिली. “हे सात चेहरे म्हणजे मनाच्या सात वृत्ती आहेत असं मानतात. शांती, आनंद, आशा, विस्मय. हा पाचवा बाकीच्यांहून वेगळा आहे, बघा. याच्याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण बहुतेकांच्या मते ही सहनशीलता.”

मास्तरांनी लिहिलं, सहनशीलता.

“सहनशीलता,” मिस्त्री म्हणाले. सकाळपासून दाबून धरलेलं तोंड त्या एका शब्दावर सुटलं. “अहो ताई, ती सहनशीलता नव्हे. ती माझी बायको.”

सगळ्यांनी आधी मिस्त्रींकडे बघितलं, मग बाईंकडे. बाईंनी कपाळाला हात लावला नाही, एवढंच.

“बटाटा,” त्या छत्रीवालीला म्हणाल्या. “यांचं हे दरवर्षीचं आहे.”

“बघ तरी एकदा,” मिस्त्री म्हणाले. “अगं, एकदा. मग बटाटा म्हण, वांगं म्हण, मी परत जन्मात काढणार नाही.”

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग मास्तरांच्या हातातून दुर्बीण घेतली, डोळ्यांना लावली, चाक फिरवलं. त्यांनी मुद्रित वाचतात तसा पहिल्या चेहऱ्यापासून आरंभ केला. पहिला, दुसरा, तिसरा. घाई नाही. चौथा. मग दुर्बीण थांबली.

मिस्त्री एक पाऊल जवळ सरकले.

“भुवई,” बाई म्हणाल्या. दुर्बीण बोटभर खाली उतरली. “हनुवटीवरचा खड्डा. तो कोणी बघत नाही.” दुर्बीण पुन्हा वर गेली. “नाक माझं आहे. माझं म्हणजे तेव्हाचं.”

त्यांनी दुर्बीण खाली केली तेव्हा त्यांचे नवे डोळे भरले होते. “तुम्ही खरं सांगत होतात,” त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी अशा आश्चर्यानं म्हटलं की जोडप्यातल्या मुलीनं नवऱ्याचा हात धरला.

झालं. अडतीस वर्षांचं काम झालं. दहाला चौदा कमी होते. मिस्त्रींनी इथे बाईंचा हात धरून फाटकाबाहेर पडायला हवं होतं.

“खरंच तुम्ही केलंत, काका?” मफलरमधली मुलगी म्हणाली. “सांगा ना कसं केलंत.”

मिस्त्रींनी वळून बघितलं. बारा-तेरा तोंडं त्यांच्याकडे लागली होती आणि त्यांतल्या एकावरही हसू नव्हतं. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत होते. हे त्यांना जन्मात कधी मिळालं नव्हतं, आणि ते थेट डोक्यात गेलं. मास्तरांनी वहीचं नवं पान उलटलं, तेव्हा तर मिस्त्रींचे पाय जमिनीवरून सुटले.

“त्या वेळी धुकं होतं,” त्यांनी सुरुवात केली. “हे आजचं काय, हे धुक्याचं नातवंड. अकरा दिवस होतं. खाली जमीन दिसेना, वर आभाळ दिसेना. मधे मी, बांबू आणि ही भिंत. इतकं दाट की मी धुक्यातच खिळा ठोकायचो आणि त्याला पाण्याची बादली अडकवायचो.”

“खिळा,” मास्तर लिहीत म्हणाले. “किती इंची?”

“चार.”

“मागच्या वेळी धुकं नव्हतंच,” बाई हळूच म्हणाल्या, पण त्या हसत होत्या. आज त्यांना काहीही चालणार होतं.

“अकराव्या दिवशी धुकं उठलं आणि बादली खाली पडली, मुकादमाच्या डोक्यात. त्यानं पहिल्यांदा मान वर केली ती तेव्हा. तर सांगत काय होतो, समोर बायको नाही, फोटो नाही. आठवून आठवून करायचं. आणि आठवणीत माणूस स्थिर बसत नाही हो. नाक करावं तर ती मान वळवते. भुवई करावी तर म्हणते, दूध आणलंत का? मग मी या बाकी सहाजणींना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तर त्या माना वळवून बघायला लागल्या. आजही नीट बघा, चौथीची मान किंचित उजवीकडे आहे. ती तेव्हापासून.”

सगळ्यांनी चौथीकडे बघितलं. चौथीची मान खरोखरच किंचित उजवीकडे होती.

धुकं आता गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. पलीकडच्या छपराची कड पिवळी झाली होती. मिस्त्रींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते रंगात आले होते. परांचीवर उभं राहिल्यासारखा त्यांचा एक हात वर आणि एक हात घमेल्याच्या कडेवर होता, आणि दोन्ही हातांत काही नव्हतं.

“आणि एक घार यायची,” ते म्हणाले.

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की हे यायला नको होतं. पण गोष्ट उतारावर होती.

“घार?” बाईंनी विचारलं.

“घार. रोज. माझ्या खांद्यावर बसायची. मी चुकलो की चोचीनं टोचायची, इथे. बरोबर आलं की शीळ घालायची.”

“तीच का हो?”

“कोणती?”

“माझं कानातलं नेणारी.”

मिस्त्री थांबले. सगळे थांबले. खोकलेसुद्धा थांबले. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, “माझ्या आईचं कानातलं होतं. सोन्याचं पान. यांच्या देखत खिडकीतून घेऊन गेली.”

“अरे रे,” मफलरमधली मुलगी म्हणाली.

“तीच,” मिस्त्री म्हणाले. आता मागे फिरायला रस्ताच नव्हता. “तीच ती. मी तिला पंखावरून ओळखलं. नदीपार गेली ती. मी मागे धावलो, पूल ओलांडून, पार तिकडच्या टेकडीपर्यंत. छातीवर हात ठेवून सांगतो.”

आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

तेव्हा ऊन छपरावरून उतरलं. ते एकदम आलं नाही. आधी पहिल्या चेहऱ्याच्या कपाळाला लागलं, मग दुसऱ्याच्या गालाला, कोणीतरी हातात दिवा घेऊन ओळीनं चेहरे बघत यावं तसं. चौकातलं धुकं सोनेरी झालं आणि सगळी माणसं त्यात घोट्यापर्यंत उभी राहिली. ऊन तिसऱ्यापाशी आलं. चौथ्यापाशी आलं. मिस्त्री बाईंच्या पुढे जाऊन उभे राहिले, पण ते बाईंपेक्षा उंचीला चार बोटं कमी होते, आणि चेहरे तिसऱ्या मजल्यावर.

पाचव्या चेहऱ्याच्या कानात काहीतरी पेटलं.

“अय्या,” मुलगी म्हणाली. “काय चमकतंय ते?”

“मी दर रविवारी बघते,” छत्रीवाली म्हणाली. “मला वाटायचं पाणी साठलंय.”

बाईंनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. चाक अगदी थोडं फिरवलं. या वेळी त्यांनी पहिल्यापासून आरंभ केला नाही. कुठे बघायचं ते त्यांना माहीत होतं.

मिस्त्री त्यांच्याकडे बघत होते. बाईंचे ओठ हलताना त्यांना दिसले, अक्षर अन् अक्षर लावताना छापखान्यात हलायचे तसे. पान. देठ. दुमडलेलं टोक. दुमडलेल्या टोकावर त्या फार वेळ थांबल्या. त्यांचा डावा हात नकळत स्वतःच्या कानाच्या पाळीवर गेला.

कुठेतरी उंचावर, छपरांच्याही वर, एका घारीनं लांब शीळ घातली. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही सुनावलं नाही. त्यांनी दुर्बीण उतरवून छत्रीवालीच्या हातात दिली, डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळल्या. डावी भुवई किंचित वर गेलेली होती, आणि त्याच क्षणी चौकातल्या प्रत्येकाला ती वरची बाई कोण हे शंभर टक्के पटलं.

“अहो,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “घार नव्हतीच. अडतीस वर्षं मी त्या बिचाऱ्यांना उगाच शिव्या घालतेय.”